आखूड छाटणी

आकिलिना बहिणीकडून परत आली त्या दिवशी तिने दारातच पिशवी टाकली, घर उघडलंसुद्धा नाही, आणि तशीच तडक मळ्याकडे निघाली. बहिणीचं ऑपरेशन झालं होतं. अकरा दिवस अस्तोर्गाला राहून तिची उस्तवार करताना आकिलिनाचा सगळा जीव इकडे अडकला होता, कारण फेब्रुवारी संपत आला होता आणि द्राक्षवेलींची छाटणी राहिली होती. वाल्देग्रामात छाटणीचा विषय निघाला की चाळीस वर्षं लोक तिचं नाव घेत आले होते. तिला ते माहीत होतं, आणि माहीत असल्याचं ती लपवतही नव्हती.

मळ्याच्या बांधावर ती थांबली. छाटणी झालेली होती.

चारशेच्या चारशे वेली. एकही सुटली नव्हती. प्रत्येक काडी खोडाशी फुटव्याचे दोन डोळे ठेवून कापलेली, कापलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधून भिंतीशी रचलेल्या, जमीन झाडल्यासारखी साफ. न्हाव्याने पोराचं डोकं भादरावं तसा मळा भादरला होता. परक्या माणसाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय सुरेख काम आहे. आकिलिनाने मात्र बांधावरूनच सातुरिओच्या आईचा उद्धार केला. ती बाई आकिलिनाची सासूही होती, पण त्या घटकेला तिला तेवढं भान नव्हतं.

प्रिएतो पिकुदोची वेल दोन डोळ्यांवर कापायची नसते. जगातल्या बऱ्याच वेली तशा कापतात आणि त्या मुकाट्याने फळतात. ही काळी, टोकदार दाण्याची जात आडमुठी. हिचे खोडालगतचे तीन-चार डोळे वांझ असतात. त्यांतून पानं येतात, फुटवे येतात, नुसता हिरवा माज येतो, पण घड येत नाही. घड धरतो तो पुढच्या डोळ्यांवर. म्हणून काडी लांब ठेवायची, आठ-दहा डोळ्यांची, आणि तिला खुशाल जमिनीवर लोळू द्यायचं. वाल्देग्रामात हे कुणी कुणाला शिकवत नाही, चमचा कुठल्या टोकाने धरायचा हे जसं कुणी शिकवत नाही. त्या गावच्या माणसाने दुसऱ्याची वेल दोन डोळ्यांवर कापली तर ती चूक नव्हे, तो दावा साधणं झालं. वेल मरत नाही, पण ते वर्ष मरतं.

आणि दावा साधणारा शोधायला आकिलिनाला लांब जायचं नव्हतं. पलीकडचा मळा सातुरिओचा, तिच्या धाकट्या दिराचा.

सासरा एर्मिनिओ गेला तेव्हा मळे वाटता आले, घर वाटता आलं, वाईन ठेवायचं भुयार काही वाटता येईना. टेकडीच्या पोटात खणलेलं, एकच दार, वर हवेसाठी एकच धुराडं, आणि आत समोरासमोर दोन पिंपं. म्हाताऱ्याने मरायच्या आधी एक कागद करून ठेवला होता. भुयार दोघा भावांचं. दाराला दोन कुलपं, दोघांचं एकेक, म्हणजे एकट्याने कुणी आत जाणार नाही. दर वर्षी नोव्हेंबरात, सान मार्तिनच्या सणाच्या दिवशी, दोन्ही पिंपं ज्याच्या त्याच्या मळ्यातल्या वाईनने भरलेली असली पाहिजेत. ज्याचं पिंप रिकामं, त्याने आपलं कुलूप काढून न्यायचं आणि भुयार दुसऱ्याला सोडायचं. सूट दोनच गोष्टींना: गारपीट, नाहीतर दुसऱ्याने केलेली खोडी. निवाडा गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी करायचा. मुलं आळशी होऊ नयेत म्हणून त्याने हे केलं असं गाव म्हणे. आकिलिनाचं मत वेगळं होतं. म्हाताऱ्याला मेल्यावरही भांडण बघायची हौस होती.

तिचा नवरा आबुंदिओ अकरा वर्षांपूर्वी वारला. खड्ड्यावर माती पडत होती तेव्हाच सातुरिओ तिच्या शेजारी येऊन हळूच म्हणाला होता, की आता तुमचं पिंप कोण भरणार? आकिलिनाने त्याच्याकडे न बघता सांगितलं, मी, आणि तुझ्या आधी. तेव्हापासून अकरा सान मार्तिन तिने नाकावर टिच्चून पिंप भरलं होतं. भुयाराची उजवी खोली आबुंदिओने लग्नाच्या वर्षी स्वतः खणली होती, भिंतीवर त्याच्या कुदळीचे घाव अजून मोजता येत. ती खोली सातुरिओच्या घशात जाऊ द्यायची नाही, मुलाच्या हातात द्यायची, एवढ्यासाठी ती जगत होती म्हटलं तरी चालेल. मुलाला ती हवी आहे का, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

तालुक्याच्या ठाण्यातून एक हवालदार आला. दक्षिणेकडचा, तरणा, बूट चकचकीत. त्याने मळाभर फेरी मारली आणि म्हणाला, बाई, कुणीतरी तुमचं काम फुकटात करून दिलंय, आणि तुम्ही तक्रार करताय? आकिलिनाने त्याला डोळे दाखवले, वांझ डोळे कुठले आणि फळते कुठले ते सांगितलं. त्याने मान डोलावली आणि नुकसान काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, येता सप्टेंबर. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्या बिचाऱ्याला कळेना.

त्या संध्याकाळी तिने मुलाला फोन केला. एलादिओ चौतीस वर्षांचा होता. आधी ट्रक चालवायचा, आता दोन वर्षं वायादोलिदकडे एका मोठ्या द्राक्षमळ्यावर कामाला होता. त्याने हॅलो म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं आकिलिनाच बोलली. काकाने काय केलं, कसं केलं, त्याच्या हाताला कसली कीड पडो.

शेवटी एलादिओने विचारलं, "आई, सगळ्याच वाया गेल्या?"

"सगळ्याच."

मग तो म्हणाला की नंतर फोन करतो. आकिलिनाला वाटलं, पोराला राग अनावर झाला. तीन आठवडे त्याचा फोन आला नाही, आणि आला तेव्हा तो पावसापाण्याचं बोलला.

मार्चच्या अखेरीला वेली रडायला लागल्या. जमिनीत ऊब आली की कापलेल्या टोकांतून पाणी टिपकतं, दर वर्षी टिपकतं. आकिलिना त्या दिवशी मळ्यात नुसती बघायला गेली होती. एका वेलीशी बसली, टोक बोटाने पुसलं, आणि तिचं बोट तिथेच थांबलं. कात्रीचं एक पातं कापतं, दुसरं नुसतं दाबतं, आणि दाबणारं पातं ज्या बाजूला असेल तिथली साल चेपते. उजव्या हाताचा माणूस ती चेपलेली साल पडणाऱ्या काडीवर टाकतो. इथे ती वेलीवर राहिली होती. तिने दुसरी वेल पाहिली, तिसरी पाहिली, पूर्ण ओळ पाहिली. सगळीकडे उलटं.

वाल्देग्रामात डावखुरा एकच माणूस जन्मला होता आणि तो तिने जन्माला घातला होता.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. त्या मोळ्या. सातुरिओने खोडी काढली असती तर काड्या तिथेच फेकल्या असत्या, त्यांच्या मोळ्या बांधून, आबुंदिओ मारायचा तशी दुहेरी गाठ मारून, भिंतीशी रचल्या नसत्या. तिने त्यातल्या चार मोळ्या रागाच्या भरात चुलीत घातल्या होत्या. आई बहिणीकडे अडकलीय, छाटणी राहिलीय, तर शनिवार-रविवारी जाऊन करून टाकावी, आल्यावर ती चकित होईल, असं पोराच्या मनात आलं. त्या मोठ्या मळ्यावर दोन डोळ्यांवरच कापतात. तिथली जात निराळी. त्याला काय ठाऊक? लहानपणी त्याने कात्री उचलली की आकिलिना ती हिसकावून घ्यायची. तू शिक, मळ्यात मरू नकोस, बापाचे हाल बघ. शाळेला पाठवला, शहरात पाठवला, आणि आपल्याच घरची वेल कशी कापायची तेवढं मात्र त्याला कधी दाखवलं नाही.

तिला मुलाचा एवढा संताप आला की ती उठून उभी राहिली. मग तो संताप तिच्याकडेच वळला आणि ती परत बसली. दुपारपर्यंत ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या बारमध्ये गेली आणि सातुरिओला आधीपेक्षा मोठ्याने शिव्या घातल्या.

असं का केलं, याचं उत्तर तिने स्वतःशी स्वच्छ दिलं होतं. खोडी दुसऱ्याची ठरली तर कागदाप्रमाणे सूट मिळणार, भुयार राहणार. आणि खरं बाहेर आलं तर एलादिओ गावात तोंड वर करून चालू शकणार नव्हता. घरचीच वेल भादरणारा म्हणून त्याच्या नातवंडांनासुद्धा लोक हसले असते, आणि तो कायमचा तिकडचा झाला असता. एका खोट्यात दोन्ही वाचत होती. खोटं ज्याच्या डोक्यावर बसणार तो सातुरिओ होता, म्हणजे त्यात वाईट वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं.

गावाने तिची बाजू घेतली. बेकरीवाली सातुरिओला न बोलता पाव द्यायला लागली. पत्त्यांच्या टेबलावर त्याला चौथा भिडू मिळेनासा झाला. त्याच्या ट्रॅक्टरचा दिवा कुणीतरी फोडला. आणि सातुरिओ काय करत होता? काही नाही. मी केलं नाही, एवढंही तो एकदा म्हणाला नाही. सकाळी मळ्यातून येताना आकिलिनाच्या भिंतीला बुटांचा चिखल खरवडायचा, टोपी मागे सरकवायचा आणि हसायचा. शिव्या खाऊन हसणारा माणूस आकिलिनाने आयुष्यात पाहिला नव्हता. उन्हाळाभर तिला त्या हसण्याने नीट झोप लागली नाही.

वेली माजल्या. कमरेएवढ्या काड्या, तळहाताएवढी पानं, सगळा मळा गर्द. सप्टेंबरच्या शेवटी तिने वेचणी केली. एरवी चाळीस टोपल्या निघायच्या, यंदा तीन भरल्या. त्यांतले घड तिने पायाने तुडवले आणि रस वेताने मढवलेल्या काचेच्या बुधल्यात भरला. तो बुधला तिने आपल्या रिकाम्या पिंपाच्या पायथ्याशी ठेवला. सातुरिओच्या पिंपात मात्र रस आंबून गळ्यापर्यंत उकळत होता.

रस उकळायच्या दिवसांत भुयारात जड हवा तळाशी साचते. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. म्हणून एकाने मेणबत्ती घेऊन आत जायचं, दुसऱ्याने दारात उभं राहायचं. आतल्याने काठीने पिंपावर ठोका द्यायचा. ठोका थांबला की दारातल्याने तीस मोजायचे, आणि तरी आला नाही तर धावायचं. वैर असो नसो, हे चुकवायचं नाही. अकरा वर्षं सातुरिओ आणि आकिलिना एकमेकांशी बोलत नव्हते, पण दर ऑक्टोबरात एकमेकांचे ठोके मोजत होते.

त्या सकाळी सातुरिओ आत गेला तो घडांची टोपली घेऊन. अर्धवट झालेल्या वाईनमध्ये आख्खे घड सोडायचे, ते आत हळूहळू फुटतात आणि वाईन जिभेला टोचायला लागते. न टोचणाऱ्या वाईनला वाल्देग्रामात कुणी वाईन म्हणत नाही. आकिलिना दारात हाताची घडी घालून उभी होती. ठोका आला. ठोका आला. मग आवाज आला.

"वहिनी."

अकरा वर्षांत त्याने तिला तशी हाक मारली नव्हती.

"त्या शनिवारी-रविवारी मी माझ्या मळ्यातच होतो," सातुरिओ आतून म्हणाला. घड पाण्यात पडावेत तसा आवाज मधूनमधून येत होता. "काय मन लावून काम करत होता गं तुझा मुलगा. मान वर नाही. कात्रीला धार लावायला माझ्याकडून कानस मागून घेतली. मी दिली."

"दिलीस."

"दिली. छान कापतोस म्हटलं."

आकिलिनाने चौकट धरली. "आणि सांगितलं नाहीस."

"मी का सांगू? अकरा वर्षांत तू मला दिवस बरा आहे एवढं तरी सांगितलंस?" तो खोकला. "आता नाही, सान मार्तिनला सांगेन. सगळ्यांपुढे. त्यालाही येऊ दे. तू मला आठ महिने गावात कुत्र्यासारखं वागवलंस, ते त्याच्या तोंडावर फेडून घेईन."

तेवढ्यात आतला उजेड गेला. मेणबत्ती विझली होती. ठोका आला नाही.

आकिलिना मोजायला लागली. एक, दोन, तीन. नियम तीसचा होता आणि ती तीसच मोजणार होती, एक कमी नाही. दहा. आत काही पडल्याचा आवाज आला. सतरा. हा आत राहिला तर सान मार्तिनला बोलायला कुणी उरणार नाही, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. बावीस. तेवीस. सव्वीसला ठोका आला, मग भिंतीला धरून सातुरिओ वर आला, डोळे लाल, तोंडाला लाळ. दोघांनी आपापली कुलपं लावली. घरी पोचल्यावर आकिलिनाने तीसपर्यंत पुन्हा मोजून पाहिलं. आपण किती सावकाश मोजत होतो, त्याने ती घाबरली होती.

त्यानंतर तिने एलादिओला फोन करून सांगितलं, की यंदा सान मार्तिनला येऊ नकोस, थंडी फार आहे. तो म्हणाला, येतो. तिने काम बुडेल म्हणून सांगितलं, रस्त्याचं कारण काढलं, शेवटी चिडली. तो पुन्हा म्हणाला, खालच्या आवाजात, येतो.

सान मार्तिनच्या दुपारी लख्ख ऊन होतं. भुयाराच्या तोंडाशी बाकावर तिघे म्हातारे बसले होते. त्यांतला मोठा प्राक्सेदेस, नव्वदीला टेकलेला, एर्मिनिओचा कागद वाचून दाखवायचं काम दर वर्षी त्याच्याकडे असे. पाव होता, धुरी दिलेलं मांस होतं, आजूबाजूला निम्मं गाव होतं. एलादिओ आईच्या मागे दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभा होता. सातुरिओने आपल्या पिंपातून वाईन काढली, ती सगळ्यांच्या जिभेला टोचली, आणि प्राक्सेदेसने मान डोलावली. मग तो आत जाऊन आकिलिनाच्या पिंपावर काठी मारून आला. पोकळ आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला.

आकिलिना म्हणाली की काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खरंच सगळ्यांना माहीत होतं. माणसांनी सातुरिओकडे असं पाहिलं की निवाडा झाल्यातच जमा होता. प्राक्सेदेसने केवळ रीत म्हणून विचारलं, की बाबा रे, तुला काही म्हणायचंय का?

सातुरिओने तोंडातला घास संपवला. हाताच्या मागच्या बाजूने ओठ पुसले. घाई कसली ती नव्हतीच त्याला.

"मी नाही कापल्या," तो म्हणाला. "पण कुणी कापल्या ते पाहिलंय." आणि तो एलादिओकडे वळला.

एलादिओचा चेहरा मातीसारखा झाला. त्याने हात खिशातून काढले, आधी डावा, मग उजवा. तो बोलणार होता. आकिलिनाला दिसलं, तो त्याचसाठी आला होता, नऊ महिने ते वाक्य घशात घेऊन फिरत होता. त्याने तोंड उघडलं.

"मी कापल्या," आकिलिना म्हणाली.

कुणाला नीट ऐकू आलं नसावं. प्राक्सेदेसने कानामागे हात धरला.

"मी कापल्या. अस्तोर्गाला जायच्या आधी. बहिणीच्या काळजीने डोकं ठिकाणावर नव्हतं, घाईत दोन-दोन डोळ्यांवर कापत सुटले. परत आल्यावर बघितलं आणि लाज वाटली, म्हणून याच्यावर ढकललं."

"तू?" प्राक्सेदेस म्हणाला. "चारशे वेली?"

"चारशे. वय झालं माझं."

दुसरा म्हातारा फिस्सकन हसला आणि मग आपल्या बुटांकडे बघत राहिला. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. ज्या गावात चाळीस वर्षं छाटणी म्हटलं की आकिलिना, त्या गावात ती उभी राहून सांगत होती की मला प्रिएतो पिकुदो कापता येत नाही. चोर म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. ती सातुरिओकडे वळली आणि म्हणाली की मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, सगळ्यांसमोर कबूल करते. तिच्या बोलण्यात तेवढंच एक वाक्य खरं होतं आणि तेच म्हणताना तिचा जीव गेला.

"खोटं बोलतेय!" सातुरिओ ओरडला. "हा होता, हा! दोन दिवस! मी बांधावर उभा राहून पाहत होतो!"

"पाहत होतास?" प्राक्सेदेसने विचारलं. त्याचा आवाज एकदम तरुण झाला. "चारशे वेली दोन डोळ्यांवर कापल्या जात होत्या, आणि तू दोन दिवस बांधावर उभा राहून पाहत होतास? थांब म्हणाला नाहीस?"

सातुरिओ कोंडीत सापडला. पोराला पाहिलं असं म्हणावं, तर गप्प उभा राहिलो हेही कबूल करावं लागत होतं, आणि वाल्देग्रामात ते कापण्याहून वाईट होतं. नऊ महिने जपून ठेवलेला घास त्याला ना गिळता येईना ना थुंकता. शेवटी तो म्हणाला, की बरं, तिने कापल्या तर तिने. पिंप रिकामं आहे ना? कागद वाचा.

कागद वाचला. गारपीट नाही, दुसऱ्याची खोडी नाही. प्राक्सेदेसने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि आकिलिनाकडे न बघता दाराकडे हात केला.

कडीत उघडं लटकणारं आपलं कुलूप ती काढायला लागली. कुलूप गंजलेलं होतं, दोनदा अडकलं. एलादिओ आत जाऊन बुधला उचलून घेऊन आला. ती आत गेली नाही. आबुंदिओच्या कुदळीचे घाव एकदा हाताने चाचपून यावेत असं तिला फार वाटलं, पण सातुरिओ बघत असताना ते तिला करायचं नव्हतं.

माणसं पांगली. बेकरीवाली आकिलिनाच्या जवळून गेली तरी काही बोलली नाही. दाराशी सातुरिओ एकटा राहिला, हातात आपलं एकुलतं कुलूप घेऊन.

"खोटारडी," तो हळू आवाजात म्हणाला.

"तू जिंकलास," आकिलिना म्हणाली. "भुयार तुझं. आता आत जायला मला बोलवायची गरज नाही. पुढच्या ऑक्टोबरात मेणबत्ती घे आणि एकटाच जा. बाहेर कुणी मोजत नसेल."

त्याने मागे वळून भुयाराच्या तोंडाकडे पाहिलं. गावात आता कोण त्याच्यासाठी दारात उभं राहणार, हे दोघांनाही कळत होतं.

टेकडी उतरताना आकिलिना पुढे आणि एलादिओ बुधला छातीशी धरून मागे चालला. ओझ्याने तो धापा टाकत होता. मग म्हणाला, "आई, मी..."

"गप्प बस."

"कधी कळलं तुला?"

"मार्चात. डावखुऱ्याच्या हातातली कात्री साल कुठे चेपते ते मला कळत नाही असं वाटलं तुला? तू कधी सांगणार होतास? मी मेल्यावर?"

मळा आला तशी ती बांध ओलांडून आत शिरली. पानं लाल होऊन गळत होती. फळ न धरल्यामुळे वेलींनी सगळा जोर काड्यांत घातला होता. अंगठ्यासारख्या जाड, लांबच लांब काड्या जमिनीवर पसरल्या होत्या. तिने एक उचलून त्याच्यासमोर धरली. त्याने बुधला खाली ठेवला.

"मोज."

तो डाव्या हाताच्या बोटाने मोजायला लागला. एक, दोन, तीन. आठवर तो थांबला आणि त्याने तिच्याकडे बघितलं.

"पुढे?" ती म्हणाली.

"नऊ."

"नवव्याच्या पुढे कापायचं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी ये. डावखुऱ्याची कात्री मिळते तिकडे शहरात, ती आण. मी मागे उभी राहीन आणि एक जरी आखूड कापलीस तर तीच काडी पाठीवर बसेल." तिने काडी टाकून दिली. कुलूप एप्रनच्या खिशात मांडीवर आपटत होतं, ते तिने दुसऱ्या खिशात घातलं. "आणि तोवर मला फोन करू नकोस. मला फार राग आलाय तुझा."

एलादिओने बुधला पुन्हा उचलला. भुयार गेल्यावर ती वाईन स्वयंपाकघरात ठेवावी लागणार होती आणि उन्हाळ्याच्या आत संपवावी लागणार होती.